मेलेल्या अळीपासून माशीपर्यंत: सूक्ष्म परोपजीवी गांधीलमाश्या कशा ओळखाव्यात

हरभऱ्याच्या शेतात डिसेंबर-जानेवारीत घाटे अळी पाहत फिरताना पानांच्या आड अधूनमधून एक करडा-पांढरा, अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास लांबीचा लंबगोल कोष चिकटलेला दिसतो. त्यावर काळसर ठिपके असतात आणि त्याच्या अंगालगत अळीचे सुकून चुरगळलेले कातडे, बहुधा डोक्याच्या कवचासकट, चिकटून राहिलेले असते. हा कोष घाटे अळीचा नव्हे, कारण घाटे अळी कोषात जाते ती मातीत उतरून. तो कॅम्पोलेटिस क्लोरिडी नावाच्या परोपजीवी गांधीलमाशीचा असतो; अळी लहान असतानाच या माशीने तिच्या शरीरात अंडे घातलेले असते. माशी स्वतः मात्र क्वचितच नजरेस पडते, आणि पडली तरी एक बारीक, काळसर काहीतरी उडून गेले एवढेच कळते.

नवशिक्याची खरी अडचण हीच आहे. घरट्याभोवती घोंघावणाऱ्या मोठ्या गांधीलमाश्या सर्वांच्या ओळखीच्या असतात. पण परोपजीवी गांधीलमाश्यांपैकी बहुसंख्य माश्या काही मिलिमीटरांच्याच असतात, उसाच्या खोडकिडीविरुद्ध वापरली जाणारी ट्रायकोग्रामा तर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची असते, आणि पानावर बसलेल्या अशा माशीकडे पाहून तिचे नाव सांगणे तज्ज्ञालाही जमत नाही. ती आपल्यामागे सोडते ती खूण मात्र दिवसेंदिवस जागच्या जागी राहते. म्हणून येथे क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी बळी पडलेला यजमान कीटक शोधावा, त्यातून माशी डबीत बाहेर येऊ द्यावी, आणि मगच ती भिंगाखाली धरून तिचे कुळ ठरवावे. यजमान माहीत असला की निम्मी ओळख तेथेच झालेली असते.

आधी त्यांची रीत समजून घ्यावी

परोपजीवी म्हटले की उवा, गोचीड आणि जंत आठवतात. पण ते यजमानाला जिवंत ठेवून त्याच्या जिवावर जगतात. या माश्यांची अळी मात्र एकाच यजमानावर वाढते आणि शेवटी त्याला मारते. प्रौढ माशी फुलांतील मध किंवा माव्याने टाकलेला चिकट गोड द्रव चाटून राहते. मादीच्या पोटाच्या टोकाला अंडी घालण्याची नळी असते. मधमाशीची नांगी ही याच अवयवाचे बदललेले रूप आहे, तरीही यातील बहुतेक माश्या माणसाला दंश करू शकत नाहीत. अपवाद म्हणून रात्री दिव्यावर येणारी, नारिंगी रंगाची, लांब मिशांची नेटेलिया लक्षात ठेवावी. तिला चिमटीत धरले तर ती चांगलीच टोचते.

कोणती माशी यजमानाच्या कोणत्या अवस्थेवर अंडे घालते, हे जवळजवळ ठरलेले असते. काही फक्त अंड्यांवर, काही अळ्यांवर, काही कोषांवर जगतात. काही जाती यजमानाला डंख मारून तत्काळ लुळा करतात आणि त्यांची अळी त्याला बाहेरून खाते. इतर जाती यजमानाला हिंडू-फिरू देतात, खाऊ देतात, वाढू देतात आणि आतून पोखरत राहतात. या दुसऱ्या प्रकारात अळीची प्रतिकारशक्ती आड येणार, हे उघड आहे. कोटेशियासारख्या माश्यांनी त्यावर जो तोड काढला आहे, तो या विषयातला सर्वांत विलक्षण भाग म्हणावा लागेल: मादी अंड्यासोबत विषाणूचे कणही अळीच्या शरीरात सोडते. हे विषाणू माशीच्या स्वतःच्या जनुकांचाच भाग होऊन बसलेले असतात, आणि ते अळीची प्रतिकारयंत्रणा निकामी करतात. कोपिडोसोमा या लहानशा माशीची तऱ्हा आणखी वेगळी आहे. तिच्या एका अंड्याचे यजमानाच्या शरीरातच विभाजन होत जाते आणि त्यातून दोन हजारांहून अधिक माश्या निपजू शकतात.

पहिली पायरी: साहित्य

फार काही लागत नाही. दहापट मोठे दाखवणारे खिशातले भिंग, तोंडाला मलमलीचे कापड बांधता येईल अशा पारदर्शक डब्या, मऊ केसांचा बारीक ब्रश, पेन्सिल, कागदाचे कपटे आणि भ्रमणध्वनीला लावायचे मॅक्रो भिंग एवढे पुरेसे आहे. बॉलपेनने लिहिलेली चिठ्ठी अल्कोहोलमध्ये पुसून जाते, पेन्सिलीची टिकते. जाळी घेऊन माश्यांच्या मागे धावण्याचा मोह सुरुवातीला टाळलेला बरा. ज्यांना एकाच ठिकाणी किती प्रकारच्या माश्या आहेत हे पाहायचे असेल, त्यांनी पिवळ्या रंगाच्या उथळ वाडग्यात पाणी घेऊन त्यात भांडी घासण्याच्या द्रवाचे दोन थेंब टाकावेत आणि तो वाडगा गवतात दिवसभर ठेवावा. पिवळ्या रंगाकडे या माश्या ओढल्या जातात. मात्र अशा माश्यांचा यजमान कळत नाही, हा या पद्धतीचा मोठा तोटा आहे.

दुसरी पायरी: खुणा शोधणे

सर्वांत सोपी सुरुवात माव्यापासून होते. रस्त्याकडेच्या रुईच्या कोवळ्या शेंड्यांवर पिवळ्या माव्याच्या झुंडी असतात. मोहरीवर आणि कोबीवर राखी मावा असतो. त्या झुंडीत भिंगाने नीट पाहिले तर काही मावे इतरांपेक्षा फुगीर, गोलसर, वाळक्या गवताच्या किंवा तपकिरी रंगाचे आणि अगदी निश्चल दिसतात. ब्रशने स्पर्श केला तरी ते हलत नाहीत, कारण आत मावा उरलेलाच नसतो; त्याच्या कडक झालेल्या कातड्यात माशीचा कोष असतो. अशा माव्याला कीटकशास्त्रज्ञ ‘ममी’ म्हणतात. तपकिरी किंवा सोनेरी ममी बहुधा ब्रॅकोनिड कुळातील माशीची असते, तर काळी कुळकुळीत ममी अफेलायनस या वेगळ्या गटाची. ममीच्या मागच्या बाजूला गोल छिद्र आणि कधीकधी त्याला लटकलेले झाकण दिसले, तर माशी उडून गेली असे समजावे. छिद्राची कड वेडीवाकडी कुरतडलेली असेल, तर मूळ माशीवरच जगणारी दुसरी परोपजीवी माशी तेथून निघाली असण्याचा संभव असतो.

अंड्यांकडे पाहताना रंग आणि छिद्र या दोन गोष्टींवर लक्ष ठेवावे. पतंगाचे अंडे उबण्याच्या आधी त्यात अळीच्या डोक्याचा काळा ठिपका दिसू लागतो; ट्रायकोग्रामाने ग्रासलेले अंडे मात्र सर्वभर एकसारखे काळे पडते. शेतकऱ्यांना मिळणाऱ्या ट्रायकोकार्डावरील काळे दाणे म्हणजे हीच अंडी होत. तांदळावरील पतंगाची, म्हणजे कॉर्सायराची, सुमारे २०,००० अंडी एका कार्डावर चिकटवून त्यांवर प्रयोगशाळेत ट्रायकोग्रामा सोडलेली असते. असे कार्ड मिळाले तर त्याची एक लहानशी पट्टी डबीत ठेवून पाहावी. नवशिक्यासाठी याहून खात्रीचा धडा नाही. ढेकण्यांच्या, म्हणजे झाडावरील दुर्गंधी ढेकणांच्या, अंड्यांचा पुंजका सापडला तर त्यांची तोंडे तपासावीत. पिल्लू बाहेर पडताना अंड्याचे झाकण सुबकपणे उघडते, माशी मात्र वरचा भाग कुरतडून ओबडधोबड भोक पाडते.

लिंबू आणि कढीपत्ता यांवरील फुलपाखरांच्या अळ्या घरी वाढवणाऱ्यांना एक प्रसंग हमखास चक्रावून टाकतो. धडधाकट दिसणारी अळी एकाएकी खाणे थांबवते, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या अंगाशी पांढऱ्या किंवा पिवळसर रेशमी कोषांचा झुपका दिसतो. ही अळीची अंडी आहेत असे अनेकांना वाटते. परंतु अळी अंडी घालत नाही, अंडी घालते ते फुलपाखरू. अळीच्या शरीरातून बाहेर पडलेल्या माशीच्या अळ्यांनी विणलेले ते कोष असतात. ते झटकून टाकून अळी वाचत नाही. वाचवण्याची धडपड करण्यापेक्षा कोष डबीत ठेवावेत, चार-आठ दिवसांत माश्या हाती येतात.

पिठ्या ढेकूण हा शहरातल्या निरीक्षकाचा हक्काचा यजमान आहे, कारण जास्वंद प्रत्येक इमारतीच्या आवारात असते. निरोगी पिठ्या ढेकूण मऊ आणि पांढऱ्या पिठाने माखलेला असतो. ग्रासलेल्याचे पीठ विरळ होऊन तो कडक, फुगलेला, लालसर तपकिरी पिंपासारखा बनतो. कपाशीवरील पिठ्या ढेकणावर एनासियस ही माशी अशाच ममी करते. पपईवरील पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. २००८ साली तो कोइमतूर येथे आढळला आणि तेथून पसरत महाराष्ट्रातल्या बागांपर्यंत पोहोचला. त्याचे नैसर्गिक शत्रू येथे नव्हते. २०१० मध्ये बेंगळुरू येथील कृषी कीटकांवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने, पोर्तो रिकोहून तीन जातींच्या परोपजीवी माश्या आणवून सोडल्या, आणि त्यातील ॲसेरोफॅगस पपई या माशीने फवारण्यांना न जुमानणारी ही कीड आटोक्यात आणली. ज्या फांदीवर ममी दिसतात तेथे कीटकनाशक फवारणे म्हणजे फुकट मिळालेली मदत स्वतःच्या हाताने मारणे होय. निदान ममी किती आणि जिवंत ढेकूण किती हे पाहून मगच फवारणीचा विचार करावा.

पांढऱ्या माशीच्या बाबतीत रिकाम्या कवचावरची खूण इतकी स्पष्ट असते की तिच्यावरून निकाल देता येतो. पांढरी माशी स्वतः बाहेर पडली असेल तर कवचावर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर उमटते, परोपजीवी एन्कार्सिया बाहेर पडली असेल तर गोल भोक. कोकणात आणि गोव्यात नारळाच्या झावळ्यांखाली चक्राकार पांढऱ्या माशीचा मेणचट पसारा दिसतो. तो हळुवार बाजूला करून काळी पडलेली कवचे शोधावीत. ऊस-पट्ट्यातील वाचकांना २००२ साली आलेला लोकरी मावा आठवत असेल. त्यावरही एन्कार्सियाचीच एक जात सोडण्यात आली होती.

घरातही खुणा सापडतात. तांदळात किंवा गव्हात सोंडे किडे झाले की काही दिवसांनी अगदी बारीक, काळसर माश्या दाण्यांवर पळताना दिसतात. त्या धान्याला हात लावत नाहीत. दाण्याच्या आत लपलेल्या सोंडे किड्याच्या अळीवर त्यांची पिल्ले पोसली जातात. खिडकीच्या काचेवर कधीतरी एक काळी, निळसर डोळ्यांची, सेंटिमीटरभर लांबीची माशी चालताना आढळते. तिचे पोट इवलेसे, चपटे असून छातीच्या वरच्या बाजूस बारीक देठाने जोडलेले असते, आणि ती ते सारखे वरखाली हलवत राहते. ही इव्हानिया. तिची अळी झुरळाच्या अंड्यांच्या कुपीत वाढते. तिला मारण्याचे काहीही कारण नाही, आणि तिचे येणे म्हणजे घरात झुरळे आहेत याचा न मागता मिळालेला दाखला समजावा.

उंबराचा उल्लेख येथे हवाच, जरी त्याची गोष्ट थोडी निराळी असली तरी. उंबर फोडले की केंबरे उडतात हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. ही केंबरे म्हणजे सूक्ष्म गांधीलमाश्याच. त्यातील सेराटोसोलेन ही उंबराचे परागीभवन करते आणि फळाच्या आत शिरून अंडी घालते. पण झाडावरील कच्च्या फळांवर सकाळच्या उन्हात नजर ठेवली, तर शरीराच्या कितीतरी पट लांब शेपटीसारखी नळी असलेल्या माद्या बाहेरूनच फळात भोक पाडताना दिसतात. त्यातील काही जाती आतल्या इतर माश्यांच्या पिल्लांच्या जिवावर वाढतात. या अंडनळीचे काम उघड्या डोळ्यांनी पाहता येईल अशी दुसरी सोपी जागा नाही.

तिसरी पायरी: डबीत वाढवणे

एका डबीत एकाच प्रकारचा यजमान ठेवावा, हा नियम कधीही मोडू नये. ममी असलेले पान ठेवताना त्यावरचे जिवंत मावे ब्रशने काढून टाकावेत, नाहीतर त्यांच्या चिकट द्रवात बाहेर आलेल्या माश्या अडकतात. तळाशी टिपकागदाचा तुकडा घालावा, तोंडाला दुहेरी मलमल बांधावी, आणि डबी सावलीत ठेवावी. बाष्प साचले की बुरशी येते आणि सारी मेहनत वाया जाते, म्हणून पान फार ओले नसावे. जिवंत अळी आणली असेल तर तिला तिच्याच झाडाचे ताजे पान रोज द्यावे. चिठ्ठीवर यजमान, वनस्पती, गाव आणि तारीख लिहावी. माश्या कोणत्या दिवशी निघाल्या तेही त्याच चिठ्ठीवर नोंदवावे.

एकाच झुपक्यातून दोन प्रकारच्या माश्या निघाल्या तर गोंधळून जाऊ नये. आधी निघालेली बहुधा मूळ परोपजीवी असते आणि नंतर निघालेली तिच्यावर जगणारी. दोन्ही वेगवेगळ्या ठेवाव्यात. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय पानही उचलू नये.

चौथी पायरी: ही गांधीलमाशीच आहे ना?

डबी दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवली की माशी मंदावते आणि भिंगाखाली पाहता येते. पंखांच्या दोन जोड्या आहेत का, हे प्रथम पाहावे. साध्या माशीला एकच जोडी असते. अळ्यांतून निघणाऱ्या टॅकिनिड माश्या यावरून लगेच बाजूला काढता येतात, शिवाय त्या केसाळ आणि आखूड मिशांच्या असतात. गांधीलमाशीचे मागचे पंख लहान असून बारीक आकड्यांनी पुढच्या पंखांना जोडलेले असतात, त्यामुळे भिंगाखालीही ते एकच वाटू शकतात. त्यानंतर छाती आणि पोट यांच्यामधली कंबर पाहावी. पंखवाल्या मुंग्यांनाही कंबर आणि कोपरात वाकवलेल्या मिशा असतात, मात्र मुंगीच्या कंबरेवर एक किंवा दोन उंचवटे स्पष्ट दिसतात.

पाचवी पायरी: कुळापर्यंत पोहोचणे

मिशांपासून सुरुवात करावी. मिशा लांब, सरळ, धाग्यासारख्या असून त्यांना पुष्कळ, बहुधा सोळाहून अधिक, पेरे असतील, आणि पंखांवर शिरांचे जाळे असेल, तर माशी इक्न्यूमोनिड किंवा ब्रॅकोनिड कुळातील असण्याची शक्यता फार मोठी आहे. या दोघींतला फरक पुढच्या पंखात असतो. पंखाच्या मधल्या पट्ट्यातून मागच्या कडेकडे जाणाऱ्या आडव्या शिरा दोन असतील तर इक्न्यूमोनिड, एक असेल किंवा मुळीच नसेल तर ब्रॅकोनिड. कॅम्पोलेटिस पहिल्या कुळातली आणि कोटेशिया दुसऱ्या कुळातली. भातखाचराच्या बांधावर दिसणारी पिवळीधमक, काळ्या ठिपक्यांची झँथोपिम्प्ला हीदेखील इक्न्यूमोनिडच. तिला मात्र भिंगाशिवाय ओळखता येते.

मिशा कोपरात वाकलेल्या, पेरे तेरापर्यंतच, आणि पंखावर पुढच्या कडेने जाणारी एकच शीर असेल, तर ती कॅल्सिड माश्यांच्या मोठ्या समूहातली समजावी. या समूहात हिरव्या-निळ्या धातूची झळाळी पुष्कळ आढळते. मागच्या पायाची मांडी फुगीर आणि खालून दातेरी असेल तर कॅल्सिडिड कुळ. फुलपाखरांच्या कोषांतून निघणारी काळी-पिवळी ब्रॅकिमेरिया ही त्यातली नेहमीची. पिठ्या ढेकणाच्या ममीतून निघालेली आणि ब्रश जवळ नेताच टुणकन उडी मारणारी माशी बहुधा एन्सर्टिड असते. याहून बारीक माश्यांसाठी सूक्ष्मदर्शक हवा, कारण तेथे पावलाची पेरे मोजावी लागतात: तीन असतील तर ट्रायकोग्रामाचे कुळ, चार असतील तर बहुधा युलोफिड, आणि बाकीच्या बहुतेकांत पाच.

वाकलेल्या मिशा आहेत, रंग काळा असून झळाळी नाही, आणि पोट चपटे, कडेला धार असल्यासारखे आहे, अशी माशी अंड्यांतून निघाली असेल तर ती टेलेनोमसच्या गटातली मानायला हरकत नाही. २०१८ मध्ये भारतात आलेल्या अमेरिकन लष्करी अळीच्या अंडीपुंजांवर या गटातली टेलेनोमस रेमस काम करते. मक्याच्या पानांवर केसाळ आवरणाखाली झाकलेले पुंजके आणून पाहिल्यास ती मिळण्याची संधी असते.

सूक्ष्म गांधीलमाशी म्हणजे मित्रकीटक, असे सरसकट धरून चालू नये. निलगिरीच्या आणि पांगाऱ्याच्या पानांवर गाठी आणून झाडे खंगवणाऱ्या माश्याही याच युलोफिड कुळातल्या आहेत. पानावरच्या गाठीतून माशी निघाली, तर ती गाठ करणारी होती की गाठ करणारीला खाणारी, हे केवळ तिच्याकडे पाहून ठरत नाही.

सहावी पायरी: नोंद आणि नमुना

जातीचे नाव लावण्याची घाई या विषयात फार नडते. छायाचित्रावरून कुळ सांगता आले तरी पुष्कळ झाले, वंश, म्हणजे कुळातला लहान गट, सांगता आला तर उत्तमच. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर छायाचित्र टाकताना बाजूने, वरून आणि पंख पसरलेला अशी किमान तीन चित्रे द्यावीत. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवावी आणि यजमानाचे चित्रही त्याच नोंदीत जोडावे. पंखाच्या शिरा दिसत नसतील तर चित्र कितीही सुंदर असले तरी जाणकाराला त्याचा उपयोग होत नाही.

नेमके नाव हवेच असेल तर दोन-चार माश्या सत्तर टक्के इथाइल अल्कोहोलमध्ये ठेवून जवळच्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे विचारणा करावी. राहुरी, दापोली, अकोला आणि परभणी येथे हे विभाग आहेत. नर आणि मादी दोन्ही पाठवावेत, कारण अनेक कुळांत मिशांची ठेवण दोघांत वेगळी असते आणि ट्रायकोग्रामासारख्या वंशात तर जात नराच्या जननांगावरूनच ठरते. उरलेल्या माश्या ज्या झाडावरून आणल्या तेथेच सोडून द्याव्यात. ज्या कोषातून, ममीतून किंवा अंड्यातून माशी निघाली ते रिकामे कवच मात्र फेकू नये. लहान कुपीत घालून, तिच्यावर माशीच्या नमुन्याचाच क्रमांक टाकून ते सोबत पाठवावे.